सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत राजकारण

किस्से हे स्वयंपाकघरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण घर बदलायची वेळ आली की कळतं, बापरे, एवढ्या साठल्या! आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से असेच साठलेत. बैठक कसली, तीन माणसं! एक भालेराव, एक सुभेदार मोहिते आणि एक मी, साळुंखे. भालेराव आणि मी दोघंही केंद्र सरकारच्या मंत्रालयातले कारकून. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये थालीपिठाच्या रांगेत ओळख झाली, आणि मग कळलं की क्वार्टर्स समोरासमोर आहेत. दिल्लीत मराठी माणूस हा असा रांगेतच सापडतो.

लोक म्हणतात, साळुंखे, तुमचे किस्से ऐकून पोट दुखतं हसून. हसा की! पण आधीच सांगून ठेवतो, मला भालेरावला एक 'सॉरी' म्हणायचं होतं, ते राहून गेलं. ते राहिलं कसं, तेही ओघात येईलच.

*

नव्वदीची वर्षं होती. बाजारात रोज नवीन वस्तू आणि दिल्लीत दर थोड्या दिवसांनी नवीन सरकार! भालेरावला दोन व्यसनं. देशावर चिडणं आणि वस्तू उघडणं. रविवारी सकाळी नऊला टेबलावर जुना रेडिओ, नाहीतर कुणाचा तरी टेपरेकॉर्डर पोट फाडून पडलेला असायचा आणि हा शेजारी बसून सरकारचं पोट फाडत असायचा.

शेवटी त्याच्या बायकोनं, शैलावहिनींनी, कायदा केला. "सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत काय ते राजकारण बोला. तापलं की बंद. मग फक्त रेडिओ."

वायरींना डाग द्यायचं ते आयर्न तापायला दहा मिनिटं लागायची. त्या दहा मिनिटांत आम्ही दोन मंत्री घरी बसवायचो. राळेचा धूर निघाला की भालेरावचा चेहरा एकदम निवायचा. मग तो, त्याचा चिमटा आणि एक बारीकशी वायर. बास! त्या माणसाइतका सुखी माणूस मी दिल्लीत दुसरा पाहिला नाही.

एका रविवारी आयर्न लावलं आणि लाइट गेली. आयर्न तापेना, त्यामुळे राजकारण थांबेना! दहा वाजले, अकरा वाजले, पोहे संपले, आवाज चढले. साडेबाराला वहिनी देवासमोर निरांजन ठेवत मोठ्यांदा म्हणाल्या, "देवा, लाइट येऊ दे रे बाबा, नाहीतर हे सरकार आज दुपारीच पडतंय!"

*

भालेरावच्या टीव्हीला रिमोट नव्हता. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी दारांचा. पण मंत्र्यांची भाषणं लागली की याचं बीपी चढायचं. म्हणून यानं स्पीकरची एक वायर काढून खुर्चीच्या हातापर्यंत आणली आणि तिथं दाराच्या बेलचं बटण उलटं जोडून बसवलं. दाबून धरलं की टीव्हीचा आवाज बंद! मंत्री नुसते तोंड हलवणार.

"बघ साळुंख्या," तो बटण दाबून म्हणायचा, "आता कसे शहाणे दिसतात की नाही?"

वहिनी म्हणाल्या, "असंच एक घरच्या माणसांसाठी पण करा."

एकदा एक मंत्री बराच वेळ हसत हसत बोलत होते. यानं अख्खं भाषण बटण दाबून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ब्लॉकमध्ये पेढे वाटले जात होते. समोरच्या चड्ढा आंटींनी याच्या हातावर पण ठेवला. हा म्हणाला, "बधाई हो जी! बेटा हुआ?"

"लो जी!" आंटी म्हणाल्या. "आपकी भी तो तनख़्वाह बढ़ी है, भाईसाहब! कल टीवी पे नहीं सुना?"

*

दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर भालेराव पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि त्यावर बॉलपेननं तारीख टाकायचा. रेडिओ, मिक्सर, इस्त्री, माझ्या मुलाची खेळण्यातली मोटारसुद्धा! पुन्हा दुरुस्त केली की जुन्या पट्टीवर नवी पट्टी.

"म्हणजे बिघडलं की कळतं, आपलं काम किती दिवस टिकलं," तो म्हणायचा. "सरकारांना पण अशी पट्टी लावली पाहिजे."

सुभेदार मोहिते छावणीतून सायकलवर यायचे. साताऱ्याकडचा माणूस, मिशा भरघोस, पण राजकारणावर अवाक्षर काढायचे नाहीत. "आमच्यात बोलत नाहीत साहेब," एवढंच. त्यांचा ट्रान्झिस्टर भालेरावनं दुरुस्त केला, पट्टी लावली. पुढच्या रविवारी सुभेदार तो पिशवीतून पुन्हा घेऊन हजर!

भालेरावनं पट्टी बघितली. "सातच दिवस?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत राजकारणावरचं त्यांचं हे एकच वाक्य. "साहेब, एवढ्यात तर दिल्लीतलं सरकारही पडत नाही!"

*

आता इंटरकॉम. हा लक्षपूर्वक ऐका.

भालेराव समोरच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर, मी इकडे पहिल्या मजल्यावर. मध्ये एक कडुनिंब. टेलिफोनसाठी दोघांनीही अर्ज केलेला, नंबर काही लागत नव्हता. लाल किल्ल्यासमोरच्या बाजारातून यानं भंगारातले दोन रिसीव्हर आणले, कडुनिंबावरून वायर टाकली, आणि झाला आमचा इंटरकॉम! सेलचा डबा त्याच्या घरी, गॅलरीच्या भिंतीवर. माझ्याकडे नुसता रिसीव्हर आणि बटण. मी बटण दाबलं की त्याच्याकडे गुर्रर्र वाजायचं. मी म्हणायचो, "भालेराव, आहेस का?" आणि तो म्हणायचा, "आहे, आहे! जातोय कुठे!"

रोज. अगदी रोज. कोथिंबीर आहे का इथपासून ते सरकार पडलं का इथपर्यंत.

एकदा सरकारी देखभालीचा माणूस आला आणि वायरीकडे बघत उभा राहिला. सरकारी भिंतीला विनापरवानगी खिळा!  पण तेव्हा नुकतं केबलचं पेव फुटलेलं, गल्लोगल्ली वायरी लोंबत होत्या. भालेरावनं ठोकून दिलं, "केबल है जी, केबल."

तो माणूस निघून गेला. दुसऱ्या दिवशी आपल्या बायकोला घेऊन आला. "साहब, ये कह रही है, एक कनेक्शन हमारे यहाँ भी खींच दो!"

*

मग निवडणूक आली. आता एक गोष्ट कबूल करतो. आम्ही तिघं वर्षानुवर्षं देश चालवत होतो खरे, पण दिल्लीत मत होतं एकट्या भालेरावला. सुभेदारांचं गावाकडे. आणि माझं? माझं नाव अजून कराडच्या यादीत होतं! बदलू, बदलू म्हणत अकरा वर्षं गेली. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. भालेरावनं मात्र रेशनकार्ड घेऊन तीन ऑफिसांत खेटे घातले आणि स्वतःचं आणि वहिनींचं नाव लावून घेतलं.

मतदानाच्या दिवशी वहिनी सकाळीच मत देऊन आल्या. हा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाला आणि आमच्या ब्लॉकच्या जिन्याशी अडकला. आमच्या टाकीची मोटर जळालेली. बारा घरं, सगळ्यांना सुट्टी आणि थेंबभर पाणी नाही. मिस्त्री सुट्टीवर. "दोन मिनिटं बघतो," म्हणत यानं बाह्या सरसावल्या.

ती दोन मिनिटं संध्याकाळपर्यंत चालली. मोटरची वाइंडिंग उलगडून पुन्हा गुंडाळली त्यानं, हातानं! पाणी आलं, बारा घरांत बादल्या वाजल्या, मी स्वतः दोन बादल्या आंघोळ केली. आणि हा धावत धावत केंद्रावर पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते, मतदान संपलेलं. शर्ट काळा, बोटं ग्रीसनं माखलेली.

दारावरच्या अधिकाऱ्यानं त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाईसाहब, आपकी तो दसों उँगलियों पे स्याही लगी है! और कितने वोट डालोगे?"

हा किस्सा भालेराव स्वतःच सांगायचा. हसायचा पण. सांगून झालं की मात्र स्वतःच्या कोऱ्या बोटाकडे बघायचा.

*

निकालानंतरचा रविवार. आयर्न तापलेलं होतं, धूर निघत होता. म्हणजे राजकारण बंद. पण त्या आठवड्यात ऑफिसात माझं प्रमोशन हुकलं होतं, निकालही मनासारखा लागला नव्हता, आणि डोकं नुसतं ठणकत होतं. कुणावर तरी काढायचं होतं. भालेराव टेपरेकॉर्डरवर वाकून शीळ घालत होता. ती शीळच मला सहन झाली नाही बघा.

मी म्हणालो, "देश दुरुस्त करायच्या गप्पा मारतोस, आणि मत द्यायच्या दिवशी मोटरी दुरुस्त करत बसतोस! तुझ्यासारख्या माणसांमुळेच झालंय हे सगळं."

वहिनी दारात. त्यांची दहावीतली चिनू शेजारीच वही घेऊन बसलेली. ती म्हणाली, "काका, असं का बोलताय बाबांना?" सुभेदार खाली बघू लागले.

मी! ज्याचं नावसुद्धा यादीत नव्हतं, जो त्याच मोटरच्या पाण्यानं आंघोळ करून आला होता, तो मी! 'माझंही मत नाही रे' एवढं म्हणालो असतो तरी सगळे हसले असते आणि विषय संपला असता.

भालेरावनं आयर्न स्टँडवर ठेवलं. माझ्याकडे बघितलं. "चहा घे," म्हणाला. "गार होतोय."

मी चहा तसाच टाकून उठलो. घरी आलो आणि इंटरकॉमची वायर स्क्रूमधून उपटून काढली. बायको म्हणाली, "हे काय करताय? जा, सॉरी म्हणून या."

"बघू," मी म्हणालो.

हे 'बघू' दोन वर्षं चाललं. बस स्टॉपवर दिसायचा. "काय, कसं काय?" "ठीक." चार्टर्ड बसमध्ये तो पुढे बसायचा, मी मागे. मी रंगीत टीव्ही घेतला, रिमोटवाला. बातम्या लागल्या की आवाज बंद करायचो आणि शेजारी बघायचो, दाखवायला कुणी नाही. गीझर बिघडला, मिक्सर बिघडला. दुकानात दुरुस्त करून आणले. पट्टी कुणी लावली नाही.

*

मग भालेरावला दिल्लीच्या पार टोकाला, द्वारकेतल्या सोसायटीतला फ्लॅट मिळाला. तेव्हाची द्वारका म्हणजे अर्ध्या बांधलेल्या इमारती, पाणी टँकरचं आणि बस आली तर आली. एका रविवारी ट्रक लागला. माझी बायको पोळीभाजीचा डबा घेऊन खाली गेली. मी गॅलरीत, पडद्यामागे. वहिनींनी विचारलं म्हणे, "भावजी नाही आले?" भालेरावनं घरातली एकूण एक वायर, बटण, होल्डर काढून नेलं. "खिळासुद्धा ठेवला नाही त्यांनी," वहिनी माझ्या बायकोला सांगत होत्या.

ट्रक वळला तेव्हा मी चपला घातल्या. खाली पोचेपर्यंत नुसती धूळ होती.

द्वारकेला जायचं ठरवलं, पुढच्या रविवारी. मग त्याच्या पुढच्या. पहिल्याच हिवाळ्यात सुभेदारांचा ऑफिसात फोन आला, "साहेब, भालेराव साहेब गेले. हार्ट." तेव्हा गेलो. दोन बसेस बदलून, धापा टाकत. चौथ्या मजल्यावर वहिनींनी दार उघडलं.  लाज वाटून मी पायरीवरच बसलो.

वहिनींनी आत बसवलं, कप पुढे केला. "चहा घ्या भावजी," त्या म्हणाल्या. "गार होतोय."

त्या दिवशी चहा प्यायलो. सगळा.

*

आता शेवटचा. हा मी फार कुणाला सांगत नाही.

भालेरावचं क्वार्टर बरेच महिने रिकामं पडलं होतं. सफेदी झाली नव्हती, अलॉटमेंट झाली नव्हती. उन्हाळ्यात एक त्यागी साहेब राहायला आले. भला माणूस. एका रविवारी सकाळी मला हाक मारून म्हणाले, "भाईसाहब, हमारी गैलरी में एक डिब्बा लगा है। तार आपके घर जा रही है। निकाल दूँ क्या?"

मी गेलो. त्यागी साहेबांचं सामान अजून खोक्यांतच, भिंतींवर नुसती भालेरावच्या खिळ्यांची भोकं. आणि गॅलरीत तो डबा आणि त्याच्या हुकाला रिसीव्हर. भालेरावचं तेवढंच जागेवर.

डब्यावर पांढरी चिकटपट्टी. पट्टीवर पट्टी, पट्टीवर पट्टी, चांगला जाड थर! मी नखानं एकेक सोडवत गेलो. दर दोन-तीन महिन्यांनी एक तारीख, नव्या सेलची. सगळ्या त्या दोन वर्षांतल्या. सगळ्यात वरची होती ट्रक आला त्या रविवारची.

"ख़राब है ना जी?" त्यागी साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "दो मिनट रुकिए।"

घरी आलो. स्क्रू-ड्रायव्हर शोधला. वायरीचं टोक तिथंच लोंबत होतं, गंजलेलं. खरवडलं, स्क्रूखाली घालून पिळलं. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. मी बटण दाबलं.

कडुनिंबापलीकडे गुर्रर्र वाजलं. कुणीतरी रिसीव्हर उचलला.

मी म्हणालो, "भालेराव, आहेस का?"