बंद न पडलेलं स्टेशन

हे माझ्या बायकोला माहीत नाही. पोरीला नाही, भावाला नाही. कंपनीत इतक्या वर्षांचे सोबती आहेत, एका डब्यात जेवलेले — त्यांनाही नाही. सांगायचं म्हटलं की मी विषय बदलतो, उठून पाणी पितो, घरातलं काहीतरी दुरुस्त करायला काढतो. आत्ताही दोनदा उठून आलो. एवढं काय मोठं आहे त्यात? — असं स्वतःला विचारून झालं. एका म्हाताऱ्या माणसाचा रेडिओ. बस, एवढंच.

पण एवढंच असतं तर मी असा तळमळलो असतो का?

आधी अण्णांविषयी सांगतो. अण्णा म्हणजे माझे वडील सखाराम, पाथर्डी तालुक्यातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आणि आईनं ऊसतोडीत काढली. दिवाळी झाली की दोघं गाव सोडायची, ती उन्हाळ्यात परत यायची. मी आणि धाकटा भाऊ शाळेसाठी आत्याकडे. तेव्हा फोन कुठले? आमच्या भागात बऱ्याच घरांत एक रीत होती — रेडिओच्या फर्माईशीच्या कार्यक्रमाला कार्ड टाकायचं. गाणं कुठलंही चालायचं, मुद्दा नावांचा. रेडिओवरच्या बाईंनी आमची दोघा भावांची नावं वाचली की तिकडे फडात कळायचं, पोरं बरी आहेत. अण्णांचा रेडिओ बैलगाडीला अडकवलेला असायचा. नाव लागलं की आई मोळी बांधायची थांबायची, गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहायची. ती कार्डं मी लिहायचो. म्हणजे आपल्या माणसाचं नाव त्या डब्यातून ऐकू येणं काय असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

शेजारच्या कोपीत — उसाच्या पाचटाची ती खोपटी — आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतकडचे रंगनाथकाका असायचे. अण्णांचा रंगा. दोघांनी किती हंगाम शेजारी-शेजारी काढले कोण जाणे. पुढे तोड सुटली, दोघांचे गुडघे गेले, भेटणं बंद झालं. पण कार्ड बंद झालं नाही. रंगाकाकांनी अण्णांच्या नावानं गाणं लावायचं, अण्णांनी ते ऐकून उलट त्यांच्या नावानं लावायचं. फोन नंबर एकमेकांना द्यावा हे त्यांना कधी सुचलंच नाही. कशाला सुचेल? रेडिओ होता ना.

आई गेल्यावर अण्णांना मी नगरला, केडगावला आणलं. मी सुप्याला एका कारखान्यात विजेच्या दुरुस्तीचं काम करतो. पाळ्या असतात, कंपनीची बस नेते-आणते. आमची कॉलनी चांगली आहे, म्हणजे भिंतीला भिंत लागून घरं आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते ठाऊक. आणि इथं अण्णांचा रेडिओ लागेना. नुसती खरखर. मग तो उभा धर, आडवा धर, खिडकीत ठेव, गच्चीत ने. शेवटी माणूस रेडिओ खांद्यावर धरून गल्लीत फिरायला लागला. कुठल्या तरी खांबापाशी आवाज जरा सापडायचा, तिथंच उकिडवे बसायचे. धोतर, बंडी, कानाला रेडिओ. पोरं हसायची. शेजारचे साहेब मला म्हणाले, वडील फार हौशी आहेत हो तुमचे.

मी स्वतःशी म्हणायचो, माझी झोप मोडते. रात्रपाळी करून दुपारी जरा पाठ टेकावी तर भिंतीपलीकडे खर्रर्र. ते खरंही होतं. पण खोटं कुठं सुरू होतं ठाऊक आहे? मला त्या खरखरीचं कारण माहीत होतं. घरातले स्वस्तातले एलईडी दिवे, टीव्हीच्या डब्याचा अडॅप्टर, इन्व्हर्टर — ह्यांच्यापुढे मीडियम वेव्हचं स्टेशन टिकत नाही. दिवसभर मी असल्याच भानगडी निस्तरतो. तासाभराचं काम होतं. दोन दिवे बदलायचे, अडॅप्टर काढून ठेवायचा, गच्चीवर तार ताणायची. मी केलं नाही.

मला रेडिओ नको होता. झोपेसाठी नाही — लाज वाटायची म्हणून. कॉलनीत मी सांगितलं होतं की गावाकडे आमची बागाईत आहे. आणि रंगाकाकांच्या प्रत्येक फर्माईशीत 'ऊसतोडीतले सोबती' हे असायचंच. त्यांना त्यात मिरवण्यासारखं वाटायचं. खांबापाशी बसलेल्या म्हाताऱ्याच्या रेडिओतून ते भर गल्लीत ऐकू आलं असतं तर?

एक दिवस अण्णा रेडिओ घेऊन माझ्यापुढे बसले. जरा उघडून बघ म्हणाले. मी मागचं झाकण काढलं, आत पाहिल्यासारखं केलं, झाकण लावलं. आणि सांगून टाकलं की रेडिओ चांगला आहे, स्टेशनच बंद झालंय. सरकार जुनी स्टेशनं बंद करतंय, आता सगळं मोबाईलवर. हे अर्धं खरंच होतं, कितीतरी केंद्रं तशी बंद पडलीही आहेत. पण अण्णांचं चालू होतं. मोबाईलवर मी ते त्याच क्षणी लावून देऊ शकलो असतो.

अण्णांनी लगेच मानलं. घरात विजेचं कळणारा मीच. त्यांनी सेल काढले, रेडिओ टॉवेलात गुंडाळला आणि विचारलं, "मंग आता रंगाला कसं कळायचं, मी हाय म्हनून?"

मी काय म्हणालो असेन? बघू. मी 'बघू' म्हणालो.

त्यानंतर ते अधूनमधून विचारायचे. चहा पिताना, नखं कापताना. रंगाचं कसं आसंल रे? एकदा कर्जतला जाऊन यायचं म्हणाले, बसनं जातो, तू नुसतं बसवून दे. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. कर्जत काही सातासमुद्रापार नाही, सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी येतो. पण दोघं भेटले असते तर पहिल्याच वाक्यात उलगडा झाला असता. रंगाकाका म्हणाले असते, कार्ड का टाकत न्हाईस? मग माझं काय राहिलं असतं?

तुम्हाला वाटेल, खोटं बोलला आणि झाकत बसला, अशी माणसं पुष्कळ असतात. थांबा. अजून मी सांगायचं ते सांगितलेलं नाही.

दुपारच्या पाळीला जाताना आमच्या बसचा ड्रायव्हर रेडिओ लावतो. जुना माणूस आहे, त्याला तेच स्टेशन लागतं. गाव मागं पडून तारा विरळ झाल्या की आवाज कसा स्वच्छ येतो. त्या बसमध्ये मी पहिल्यांदा ऐकलं — पाथर्डीच्या सखाराम यांच्यासाठी त्यांचे ऊसतोडीतले सोबती रंगनाथ, तालुका कर्जत. आणि पुढे बाईंनी वाचलं, सखाराम यांनी आपली खुशाली कळवावी. शेजारचा म्हणाला, अजून असली कार्डं टाकतात लोक! मीही हसलो. हो, मी हसलो. बापाचं नाव लागलं होतं आणि मी हसलो.

घरी येऊन सांगितलं का? नाही. अण्णा जागे होते, भाकरी खाल्ली का विचारलं. मी हो म्हणालो आणि झोपलो. त्यानंतर ते निरोप पुन्हा आले. प्रत्येक वेळी तेच, खुशाली कळवावी. मग येईनासे झाले, आणि मला — लिहितानाही हात अडतोय — मला हायसं वाटलं.

पुढे एकदा, अशाच दुपारी, सुप्याच्या अलीकडे. बाईंचा आवाज जरा हळू झाला. "कैलासवासी सखाराम यांच्या स्मरणार्थ, त्यांचे ऊसतोडीतले सोबती रंगनाथ, तालुका कर्जत."

अण्णा त्या वेळी घरी अंगणात बसून शेंगा फोडत होते. मी निघताना त्यांनीच गेट लावून घेतलं होतं.

उत्तर येत नाही म्हटल्यावर रंगाकाकांनी काय समजायचं? जे समजले ते त्यांच्या जागी बरोबरच होतं. इतकी वर्षं न चुकलेला माणूस गप्प झाला म्हणजे गेला. बसमध्ये गाणं वाजत होतं. मी उठून ड्रायव्हरला थांब म्हणू शकलो असतो, उतरून परत जाऊ शकलो असतो, संध्याकाळच्या आत कर्जतला पोचलो असतो. मी कामावर गेलो. त्या दिवशी एक मोटर जळाली होती, ती काढून दुसरी नीट बसवली, साहेबांनी शाबासकीही दिली.

तरीही अजून वेळ होता, हे लक्षात घ्या. अण्णा त्यानंतर बरेच दिवस होते. एक पावसाळा, एक हिवाळा, आणखी एक उन्हाळा. चांगले चालते-बोलते. मी रोज ठरवायचो आणि रोज वाटायचं, आता कुठल्या तोंडानं? तुम्ही जिवंत आहात आणि तिकडे तुमच्या नावानं रडून झालंय, हे कसं सांगतात? जितके दिवस जात तितकं सांगणं जड होई, आणि जड झालं म्हणून मी आणखी दिवस घालवी.

शेवटी दवाखान्यात त्यांना धाप लागायची. बोलणं तुटक झालं होतं. एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मी गेल्याव रंगाला जाऊन सांग. कुनी सांगितल्याबिगर त्याला कळायचं न्हाई. वाट बघत ऱ्हाईल."

मी मान हलवली. त्यांनी माझा हात धरला होता. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

अण्णा गेले. तेराव्याला पाव्हणे आले, सगळ्या सोयऱ्यांना फोन गेले. कर्जतला मी गेलो नाही. काय सांगायला जाणार? की काका, तुम्ही ज्याच्यासाठी गाणं लावलंत तो त्यानंतर कितीतरी दिवस तुमचीच चौकशी करत होता? की आता खरंच गेला?

रंगाकाका आहेत अजून. गेल्या महिन्यात बसमध्ये पुन्हा त्यांचं नाव लागलं, अण्णांच्या स्मरणार्थ. कर्जतकडच्या रंगाकाकांना वाटतं की आपला सोबती केव्हाच गेला, निवांत गेला. त्यांना माहीत नाही की तो इथं केडगावला बसून होता, त्यांना एवढंच कळवायची वाट बघत — मी हाय.