पोळ्याला उलटी आलेली मोटार

कळमनुरीच्या जलालुद्दीन नालबंदाची गोष्ट सांगायचा खरा हक्क त्याच्या घरच्यांचा. पण तिच्यातला घोटाळा माझ्या आजोबांनी, तातेराव सुतारांनी केलेला, म्हणून ती मीच सांगतो. आमच्या घरात बाकी कुणी सांगत नाही. लाजतात.

जलालुद्दीन बैलांना नाल ठोकायचा, आजोबा गाड्या जोडायचे. दोघांची अंगणं शेजारी-शेजारी. साल असेल एकोणीसशे अडतीस. डोंगरकड्याच्या उत्तमराव जमीनदारांची जुनी मोटार इंजिन तडकल्यापासून गोठ्यात पडून होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. जलालुद्दीन त्यांच्या बैलांना नाल मारायला गेला की अर्धा वेळ त्या मोटारीखालीच सापडायचा. एक दिवस तो म्हणाला, "मालक, दुसरं इंजिन बसवून चालवून दाखवतो."

उत्तमराव खदाखदा हसले. "नालबंदा, बैलाचा खूर न्हाई हा!" मग त्यांनी शर्तच घातली. "पोळ्याला कुणी बैल जुंपत न्हाई. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत मोटार माझ्या दारात आली, तर ती सोताच्या जोरावर आली म्हणीन. मग गाडी तुझी. न्हाई आली, तर भंगारात."

कनेरगाव नाक्याजवळ एक प्रवासी मोटार नाल्यात उलटली होती, तिचं इंजिन शाबूत होतं. तिच्या मालकाला दुभती म्हैस हवी होती. जलालुद्दीननं घरची एकुलती एक म्हैस देऊन इंजिन आणलं. त्याची बायको हाजराबी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "भैंस गई! अब दूध क्या इस इंजन से निकालूँ?" गाडी मिळाली नाही, तर घरात म्हैसही नाही आणि मोटारही नाही, हे त्यालाही कळत होतं.

गोठ्यातली मोटार बैलांनी ओढत जलालुद्दीनच्या अंगणात आणली. पण काय काम केलं त्यानं आणि आजोबांनी! विहिरीवरचं मोटेचं चाक लिंबाच्या फांदीला बांधलं, मोटेचा जाड दोर, नाडा, इंजिनाला गुंडाळला आणि मोट ओढतात तसे बैल पुढं हाकले. इंजिन हवेत! मग बैल एकेक पाऊल मागं घेत ते गाडीत उतरवलं. ते वीतभर लांब भरलं, म्हणून पाण्याची टाकी पुढं सरकवली. भट्टीवर इंजिन धरायला नवे पट्टे घडवले, मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा कापून पुन्हा जोडला. मागची दोन चाकं जोडणारा आस धुवायला काढला होता, तो आजोबांनी एकट्यानं परत बसवला. सारा गाव कुंपणाला टेकून बघायचा.

पोळ्याच्या दिवशी दुपारी हँडल मारलं. इंजिन खोकलं, थांबलं आणि मग असं गरजलं की लिंबावरचे कावळे उडाले! जलालुद्दीननं पहिला गिअर टाकला. मोटार सुसाट मागं गेली आणि हाजराबीच्या कडब्यात घुसली. दुसरा टाकला, आणखी मागं. मागं जायचा गिअर टाकला, तर गाडी मुंगीच्या पावलानं पुढं निघाली आणि कोपऱ्यापर्यंत पोचेतो टाकीतलं पाणी उकळलं.

जलालुद्दीननं गाडीखाली डोकं घातलं आणि तसाच ओरडला, "तात्या, आस उलटा काहून बसवला?"

"खालची बाजू झिजल्यावानी दिसली, म्हणून वर घेतली," आजोबा म्हणाले. "बैलगाडीचा घेतो की आपण!"

बैलगाडीला ते बरोबरच होतं. मोटारीची मात्र त्यानं चाकंच उलटी फिरायला लागली. आस पुन्हा काढून बसवायचा म्हणजे दीड दिवसाचं काम. आजोबा कडब्यावर डोकं धरून बसले. मित्राची म्हैस आपण बुडवली, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

जलालुद्दीन एकदम उठला. "मोटेचा बैल मागं चालतोच न्हवं? पाणी तर भरतंय! बस मागं तोंड करून. तू रस्ता सांग, मी हाकतो."

हाजराबी चादर सावरत आत शिरली. "मेरी भैंस गई है इसमें. मैं भी बैठूँगी."

चार दिवस पावसानं उघडीप दिली होती, सडक कोरडी होती. मोटार पाठ पुढं करून डोंगरकड्याकडं पळाली! आजोबा मागच्या सीटवर उभे राहून ओरडत होते, "उजवीकडं! आरं, तुझ्या न्हाई, माझ्या उजवीकडं!" शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल वाटेतून बिचकत होते, आणि हाजराबी पदर तोंडाला लावून पोट धरून हसत होती. म्हैस गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, असं आजोबा सांगायचे.

उत्तमरावांच्या दारात बैलांची पूजा चालली होती. दिवस अजून हातभर वर होता. मोटार वळणावरून आली ती शेपटाकडून, आणि थांबली. ताट घेतलेल्या मंजुळाबाई, उत्तमरावांची बायको, गोंधळून म्हणाल्या, "अगं बाई, हिचं तोंड कोणीकडं?"

उत्तमराव गाडीभोवती एक फेरी मारून आले. "उलटी काहून चालून राहिली? कुणाची चूक ही?"

आजोबांनी मान खाली घातली. त्यांनी तोंड उघडायच्या आत जलालुद्दीन म्हणाला, "माझी. गाडी माझ्या अंगणात जोडली, मालक. मी पाहून घ्यायला पाहिजे होतं."

उत्तमरावांनी रस्त्यावर लांबवर नजर टाकली. मग विचारलं, "बैल कुठं हायेत?"

"न्हाईत."

"मग गाडी तुमची, मिस्त्री." त्यांनी मंजुळाबाईंना हाक मारली. "ताट तिकडं न्या. तोंड त्या बाजूला हाये."

ती मोटार पुढं कैक वर्षं कळमनुरी-डोंगरकडा भाड्यानं धावली, सरळ. चार महिन्यांत जलालुद्दीनच्या दावणीला दुसरी म्हैस आली. आणि आमचे आजोबा, अख्ख्या तालुक्यात नाव असलेले सुतार, मरेपर्यंत साध्या बैलगाडीचा आस उलटा करायचा झाला तरी आधी शेजारच्या कुंपणापाशी जाऊन विचारायचे, "मिस्त्री, फिरवू का?"