सासूबाईंच्या खोलीचा निळा

गेल्या रविवारी सकाळी चौलच्या आमच्या घरात मी हातात फडकं घेऊन उगीच इकडून तिकडे फिरत होते. दुपारी सासूबाई परत येणार होत्या... आणि त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले की मी तशीच मागे फिरत होते.

झालं असं, की यंदा दिवाळीआधी आम्ही घर रंगवायला काढलं. आता मी पडले रील्सवाली. गेलं वर्षभर माझ्या फोनवर सगळं निळंच येतंय... निळी भिंत, निळा सोफा, निळे मग, इतकंच काय, निळा फ्रिज. प्रत्येक रीलमध्ये कुणीतरी गोड आवाजात सांगतं की निळा रंग मनाला शांत करतो. मीही एकेक निळी वस्तू जमवतच होते.

पण सासूबाईंची खोली त्यांच्याच आवडीची करायची हे मी ठरवलं होतं. आमच्या आई म्हणजे कधी कशाला नको न म्हणणारी बाई. भाजी अळणी झाली तरी निमूट जेवतील. पंखा जोरात असला तर गोधडी ओढून घेतील, पण कमी कर म्हणणार नाहीत. त्यांना काय हवंय ते ओळखण्यातच लग्नानंतरची माझी सगळी वर्षं गेली.

म्हणून शेडकार्ड सरळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं... चक्क रॉयल ब्लू.

"ह्यो बरा. शांत हाय," म्हणाल्या.

मी उडालेच. अगदी रीलमधला शब्द. त्याच संध्याकाळी मी इथे 'आमच्या ट्रेंडी सासूबाई' म्हणून पोस्ट टाकली होती. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी तिला हार्ट दिलंय.

मग त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पनवेलला माझ्या नणंदेकडे गेल्या. एक डोळा आत्ता, दुसरा नंतर. तेवढ्यात मी खोली उरकून घेतली. चारही भिंती निळ्या, पडदे निळे, चादर निळी... मोठं सरप्राइज देणार होते ना मी.

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर ताईंचा, म्हणजे नणंदेचा फोन आला. हसू आवरत नव्हतं त्यांना. आई सकाळपासून भांडतेय म्हणे... बॅगेतली माझी राखाडी साडी कुठे गेली, आणि ही निळी कुणाची? अगं, हीच तुझी साडी, असं ताई सांगत होत्या आणि आईंना ते पटत नव्हतं.

ताई हसत होत्या आणि इकडे मी गार पडले. मला नवरात्र आठवलं. राखाडी रंगाच्या दिवशी देवळात झाडून साऱ्या बायका राखाडी नेसून आल्या होत्या आणि ग्रुप फोटोत मधोमध आमच्या आई, लखलखीत निळ्यात. तेव्हा मला वाटलं, नसेल त्यांच्याकडे राखाडी साडी. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असणार, कुणी काही बोललं नाही.

म्हणजे शेडकार्डावरही त्यांनी राखाडीच निवडला होता... मोतीबिंदू पिकला की निळा रंग असा मळकट दिसू शकतो, याची मी एका डॉक्टर मैत्रिणीला विचारून खात्री करून घेतली. पण आता विचारून काय उपयोग?

रंगारी दुसऱ्या कामावर गेलेला, रविवारच्या आत येणं शक्य नव्हतं. नवरा म्हणाला, "रंगच तर आहे. आई काही बोलायची नाही." अहो, तीच तर भीती होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या घरात स्वतःसाठी काहीतरी निवडलं होतं. आता त्या 'छान हाय' म्हणणार आणि नको असलेल्या रंगात जन्मभर मुकाट्यानं झोपणार... आणि मला ते कधी कळणारही नाही.

मी निळे पडदे काढले, चादर बदलून पांढरी घातली. त्यानं भिंती आणखीच निळ्या दिसायला लागल्या.

दुपारी त्या काळा चष्मा लावून गाडीतून उतरल्या. खोलीत गेल्या, चष्मा काढला आणि उभ्याच राहिल्या. मग तळहातानं एक डोळा झाकून भिंत पाहिली. हात दुसऱ्या डोळ्यावर नेला, पुन्हा पाहिली.

मला काही ते सहन होईना. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कार्ड, साडी, फोटो, सगळं.

"म्हंजे मला दिसला त्यो तुला दिसलाच न्हाय," त्या हळूच म्हणाल्या, "आन तुला दिसला त्यो मला न्हाय."

"मग... राहू दे का हाच?" मी विचारलं आणि लगेच जीभ चावली. असं विचारल्यावर त्या 'राहू दे'शिवाय दुसरं काय म्हणणार होत्या?

त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"न्हाय गो," त्या म्हणाल्या. "डोळ्यांत टोचतो. मला राखाडीच पायजे."

नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला. मी 'बरं' म्हणून चहा ठेवायला आत आले आणि ओट्याशी उभी राहून हसले की रडले, माझं मलाच कळलं नाही. 'पायजे' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

कालपासून रंगारी आलाय. आई सध्या आमच्या खोलीत झोपतात. आज सकाळी चहाचा घोट घेतला आणि कप पुढे करून म्हणाल्या, साखर कमी हाय... इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.