एकोणिसावं पाकीट

माझ्या वडिलांना गावभर ‘ढगफोड्या’ म्हणत. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, एवढाच काय तो मान. सरकारने पाऊस पाडण्याचे पहिले प्रयोग केले, तेव्हा ते विमानावर मेकॅनिक होते. पंखांखाली रसायनाच्या भट्ट्या असत. त्या बाबांनी हवेत पेटवल्या की धूर ढगात शिरून पाऊस पडेल, असा शास्त्रज्ञांचा होरा होता.

प्रयोगाच्या अठराव्या दिवशी विमान उडालं आणि रात्री नदीला पूर आला. काठच्या वस्तीतली अकरा माणसं गेली. प्रयोग बंद झाला. साहेबांनी हात झटकले, वैमानिकाची बदली झाली आणि शिक्का बसला तो बाबांच्या कपाळावर. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे. बाबा मात्र चकार शब्द काढायचे नाहीत, आणि त्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुढे मी सरकारी दप्तरखान्यात लागले. पुरानंतर तीस वर्षांनी त्या प्रयोगाची खोकी यादीसाठी माझ्या टेबलावर आली. योगायोग वगैरे काही नाही, मी भांडून मागून घेतली.

आत रोजचं एक, अशी आकडे घातलेली लाखबंद पाकिटं होती. भट्टी पेटवायची की नुसतं फिरून यायचं, हे आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. पाकीट मेकॅनिकने हवेत गेल्यावर फोडायचं. अठराव्यातली चिठ्ठी म्हणत होती, ‘पेटवू नये.’ रजिस्टरातही तेच. मी टेबलावर डोकं टेकून रडले. एकोणिसावंही फोडलेलं होतं, पण तिकडे लक्ष द्यायला मला शुद्ध कुठे होती!

घरी बाबा टेबलफॅन उघडून बसले होते. मी चिठ्ठीची प्रत त्यांच्यापुढे आपटली.

“बाबा, का नाही सांगितलंत? लोकांच्या तोंडावर मारायचा होता हा कागद!”

त्यांनी चष्मा लावून वाचलं. “एकोणिसावं पाहिलंस?”

“त्याचं काय?”

“दमट हवेने दोन्ही चिकटली होती. घाईत मी उद्याचं फोडलं. त्यात ‘पेटवावी’ होतं, मी पेटवली. खाली आल्यावर पाकिटावरचा आकडा पाहिला, अठरावं फोडलं, तर त्यात ‘पेटवू नये’. म्हटलं, उद्या उलट करू, फिट्टंफाट होईल. रजिस्टर अठराव्यातल्या चिठ्ठीप्रमाणे भरलं. आणि रात्री पाणी आलं.”

“पण खोक्यातल्या शास्त्रज्ञांच्या अहवालात लिहिलंय, तेवढ्या धुराने पूर येत नाही!”

“असेल गं. पण ते विचारायला जायचं, तर आधी हे सांगावं लागलं असतं.” त्यांनी स्क्रू उचलला. “तू जे आहे ते लिही.”

नोकरीत मी एक खोटी ओळ लिहिली नव्हती. सोमवारी यादीत अठराव्यापुढे ‘पेटवू नये’ लिहिलं. एकोणिसाव्यापुढे बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, ‘न फोडलेले.’ आणि ते पाकीट पर्समध्ये घालून घरी आणलं.

यादीतली अठराव्याची नोंद पेपरात छापून आली. किराणावाल्याने दुकानातून उतरून बाबांचे हात धरले. वस्तीतल्या एका म्हातारीने, जिचे दोन मुलगे त्या पुरात गेले, घरी येऊन त्यांची माफी मागितली. मी चहा ठेवायला आत पळाले.

तीस वर्षं पाठीमागून शिव्या खात बाबा रोज बाजारात जात होते. त्या दिवसापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. माझ्याशीही बोलत नाहीत.