बिनडागचं घर

ती भिंत बघितली की मला मळमळायचं. खोटं कशाला बोलू?

माझा थोरला भाऊ रंगारी. मीही रंगारी, त्याच्याच हाताखाली शिकलेला. गिऱ्हाइकं दादाला ‘बिनडाग’ म्हणायची, कारण त्याने रंगवलेल्या भिंतीवर जुना डाग पुन्हा कधी दिसला नाही. तेलाचा डाग नुसत्या रंगाखाली दबत नाही. आधी डाग आत कोंडणाऱ्या सीलरचे दोन हात मारावे लागतात, नाहीतर आठवड्याभरात तो पिवळा होऊन वर येतो. हे मला दादानेच कान पिळून शिकवलं होतं.

आणि त्याच माणसाच्या खोलीत हा प्रकार! वहिनी अकरा महिने अंथरुणावर होती. पलंगावर भिंतीला डोकं टेकून बसायची. ती गेली आणि तिच्या केसांच्या तेलाचा ताटाएवढा डाग भिंतीवर राहिला. पुढच्या रविवारी दादाने त्यावर कामावरून उरलेला निळा फासला. सीलर नाहीच. डाग वर आला. मग त्याच्याभोवती हिरवा, वरून राखाडी, नंतर कुठल्याशा दवाखान्यातून उरलेला तो मेला गुलाबी. दोन वर्षं, दर रविवारी. ना झाड, ना माणूस, ना धड चौकोन. नुसते ओघळ, पोपडे, बोटांनी ओढलेले फराटे आणि मधोमध तो चिकट पिवळा डाग.

डाग उमटला की दादा म्हणायचा, “आली बघ तुझी वहिनी.” वर हसायचा. शी! मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

भेटायला येणाऱ्यांचीही किळस यायची. मामा मान वाकडी करून विचारायचे, “ही म्हैस का रे?” शेजारच्या मास्तरांना त्यात म्हणे शांती दिसायची. कपभर चहासाठी माणसं काय काय बघू शकतात!

एकदा मीच वैतागून विचारलं, “हे आहे तरी कशाचं?”

“कशाचंच नाही,” तो म्हणाला. “कशाचं काढलं तर तेच बघत बसावं लागेल. असं केलं की रविवार जातो.”

मला वाटलं, माणूस कामातून गेला. गेल्या महिन्यात तो तीन दिवस बाहेरगावच्या कामावर गेला. किल्ली माझ्याकडे होती. म्हटलं, घाण एकदाची काढून टाकू, येईल तेव्हा खूश होईल. पत्र्याने खरवडलं तर रंगाचे थर भाकरीएवढ्या जाडीचे निघाले. खाली तो डाग. तेलाचा खवट वास आला, तसं नाक मुरडून सोड्याच्या पाण्याने घासला. वर सीलर, खड्डे बुजवायला लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर आणि शेवटी पांढरा. उभ्या आयुष्यात इतकं चोख काम मी केलं नव्हतं. खरवड पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकली.

दादा आला. पिशवी हातातच धरून दारात उभा राहिला. मग आत जाऊन त्याने त्या कोऱ्या पांढऱ्यावर तळवा ठेवला. बरोब्बर तिथेच. एक बोटही इकडेतिकडे नाही.

“सीलर मारलास?”

“दोन हात,” मी छाती फुगवून म्हणालो. “वीस वर्षं वर येत नाही.”

तो भिंतीवरून हात फिरवत राहिला. गिऱ्हाइकाच्या घरी माझं काम तपासताना फिरवायचा, तसाच.

“नाही यायची,” तो म्हणाला. “मीच शिकवलंय तुला.”

आता मला भिंतीची नाही, या दोन हातांची शिसारी येते. काल रविवार होता. मी उरलेल्या रंगांचे चार डबे घेऊन गेलो. दादाने झाकणं उघडूनही बघितली नाहीत. भिंतीसमोर खुर्ची टाकून बसला होता. मीही बसलो. पांढऱ्या रंगावर एक ठिपकासुद्धा नव्हता.