उभ्याने घेतलेलं माप

"आधी बसा." बाईंकडे कुणीही माप द्यायला गेलं की हे पहिलं वाक्य. चौकशी नंतर, चहा नंतर. पाटावर, खुर्चीवर, स्कूटरवर, माणूस रोज जसा बसत असेल तसा त्याला बसवायचा आणि मगच टेप काढायची. आम्ही शिवणकाम करणारी माणसं जन्मभर गिऱ्हाइकाला सरळ उभं करत आलो. आणि ही बाई, जिला धड काजं करता येत नव्हती, ती मला माझ्याच दुकानात सांगायची, "अगं, उभं असताना सगळ्यांचं बरंच असतं. त्रास बसल्यावर कळतो."

थळच्या बाजारात माझं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. कारखान्याच्या कॉलनीतल्या बायकासुद्धा ब्लाउज माझ्याकडे टाकतात. माझ्या फिटिंगला सुरकुती पडत नाही. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगायचं बंद झालं. ते बंद झालं बाईंमुळे.

बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पोटावर शौचाची पिशवी लागली, ती कायमची. नोकरी सोडली. दोन-तीन महिने वाडीच्या बाहेर पडल्या नाहीत. मग एक दिवस दुकानात आल्या, पदर बाजूला केला आणि पिशवीवर हलकेच टिचकी मारून म्हणाल्या, "हिला एक झबलं शीव. अशी नागडी बरी दिसत नाही."

मी शिवलं. माझ्या मते छान शिवलं. बाईंनी घरी नेऊन ते उसवलं, आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावलं, पिशवी रिकामी करायला खाली उघडणारी पट्टी ठेवली, वरून खणाचा तुकडा. टाके असे की बघवत नव्हते. आठवड्याने येऊन त्या माझ्यासमोर पाच मिनिटं उकिडव्या बसल्या, उठल्या, म्हणाल्या, "बघ. काही सरकलं नाही."

पुढे हॉस्पिटलातल्या सिस्टरने दुसऱ्या पेशंटांना त्यांचा पत्ता दिला आणि रांग लागली. तुम्ही पाहिलं असेल, गावात एखाद्याचा हातगुण आहे असं पसरलं की लोक कुठून कुठून येतात. एक जोडपं तर खाडीपलीकडून, दिघीची फेरीबोट धरून आलं होतं. लघवीची नळी लागलेल्या एका आजोबांना देवळात जाताना लाज वाटायची, त्यांना बाईंनी पूजेच्या झोळीसारखी झोळी करून दिली. कॉलेजातल्या एका मुलीच्या कमरेला इन्सुलिनचा पंप होता. नवरात्रात नाचायचं होतं. बाईंनी आरशांचा पट्टा केला, पंप त्यात गडप. घागरा माझ्याकडचा होता, दोन दिवस खपून शिवलेला. ती मुलगी माझ्या आरशासमोर उभी राहून फक्त पट्टा बघत होती.

माझा जळफळाट व्हायचा. आजारी बाईचा हेवा करणं शोभत नाही हे मला कळत होतं, पण कळून तो कमी होत नव्हता. बावीस वर्षांत मला काय मिळालं? मानदुखी. आणि हिला लोक 'डिझायनर बाई' म्हणायला लागले होते.

औषधांनी त्यांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, सुई हातात ठरेना. तेव्हापासून माप त्या घ्यायच्या, कापायचा नमुना त्यांचा आणि शिवायचे मी. नाव अर्थात त्यांचंच.

अशात बाई मांडव्याहून बोटीने मुंबईला गेल्या, उपचारांसाठी पंधरा दिवस. त्या दिवसांत हिराबाय आली. बाजारात मासे विकणारी. तिलाही नुकतीच पोटावर पिशवी लागली होती आणि तीन महिने ती घरात होती.

"बाजारात बसायचं हाय मना," ती म्हणाली. "घरात बसून डोका फिरतंय. बाई कवा येतील?"

"बाई कशाला हव्यात? नमुना आहे माझ्याकडे," मी म्हटलं. आणि तिला दुकानाच्या खांबाशी उभी केली.

खरं सांगते, मला एकदा दाखवायचं होतं. बाईंचं काम ढगळ असायचं. मी ते कमी केलं, अंगाबरोबर बसवलं, हिरवं कापड, कडेला जर. इतकं देखणं झालं की मीच दोनदा बघितलं. देताना मात्र म्हटलं, "बाईंच्याच नमुन्याचं आहे हो." नाहीतर तिने घेतलं नसतं.

तिसऱ्या दिवशी हिराबाय बाजारात पाटावर बसली, विळी पायाखाली घेतली आणि गिऱ्हाइकाची सुरमई कापायला वाकली. भरलेल्या पिशवीला माझ्या फिटिंगमध्ये जागाच नव्हती. ती पोटावरून सुटली. लुगडं भरलं. भर बाजारात, शेजारणींच्या देखत. हिराबायने टोपलीवर फडकं टाकलं आणि निघून गेली. मी दुकानातून तिची रिकामी जागा बघत होते, तो आठवडा आणि त्याच्या पुढचाही.

बाई परत आल्या, त्यांनी हिराबायला निरोप पाठवून माझ्या दुकानात बोलावलं. ते हिरवं कव्हर हातात घेऊन उलटं केलं, शिवणीवरून बोट फिरवलं. एकदाच माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हिराबाय, नमुना माझाच चुकला गं. माफ कर मला."

बाईंनी पाट टाकला, शेजारून विळी मागवली, तिला कापायला बसल्यासारखं बसवलं आणि माप घेतलं. मी गळ्यात टेप घालून उभी होते.

ती गेल्यावर मी विचारलं, "कशाला असं सांगितलंत?"

"तुला दुकान चालवायचंय," बाई म्हणाल्या. "मी पेशंट. मला कोण काय बोलणार?" आणि हसल्या.

त्यांचे उपकार मानायला हवे होते. मला राग आला. कौतुक त्यांचं होतंच, आता माझी चूकही त्यांनी नेली. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही आणि त्यांनी ते लक्षातच न आल्यासारखं केलं.

नव्या कव्हरात हिराबाय पुन्हा बाजारात बसली, अजून बसते. बाई पुढच्या श्रावणात गेल्या. शेवटी शेवटी सिस्टरांना खाटेवरून सांगत होत्या म्हणे, सलाइनच्या स्टँडला एक खिसा हवा.

महिन्याभराने हिराबाय दुकानात आली. तिचं कव्हर झिजलं होतं. "बाईंनी केला, वरीस चालला," ती म्हणाली. "त्यांचा चुकला तो एकच. तो हिरवा."

मी मशीन थांबवलं. "हिराबाय, तो नमुना बाईंचा नव्हता. मी बदलला होता. चूक माझी होती."

"मना म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"बाईंनी मना पाटावर बसवली तवापासून. तू उभी केलीस. उभी राहून मी मच्छी कापते काय? बाई असा करतील?"

"मग बोलली का नाहीस?"

"बाईंनी आपल्या अंगावर घेतला. मी कशाला काढू?" तिने झिजलेलं कव्हर टेबलावर ठेवलं. "आता तू शीव."

मी पाट टाकला. "बस आधी," म्हटलं. ती बसली, पुढे वाकली. मी माप घेतलं, कापडावर खडूने रेघ मारली. हिराबायने मान वाकडी करून रेघ बघितली आणि तिच्या पलीकडे आपली दोन बोटं ठेवली.

"बाई हितं एवढा जास्ती सोडायच्या."

माझ्या डोक्यात सणक गेली. बाई गेल्या तरी माझ्या दुकानात माझ्या हाताला नावं ठेवायला आहेतच. मी हाताने रेघ पुसली आणि दोन बोटं सोडून नवी मारली.