गरुडघराण्याची शेवटची वारस

विलासभाऊ काल गेला. माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

माझा सख्खा चुलतभाऊ. छातीत दुखतंय म्हणून जळगावला ॲडमिट केलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

नव्वदीच्या सुरुवातीला यावलच्या आमच्या घरात व्हिडिओ गेम आला. नानांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, केळीचा ट्रक दिल्लीला जायचा. ड्रायव्हरने तिकडून आणला.

कॅसेट एकच. स्क्रीनवरची अक्षरं जपानी की चिनी, कुणास ठाऊक.

त्यात एक सरदार घराणं होतं. ढालीवर गरुड. म्हातारा सरदार पडला की मुलगा तलवार उचलायचा. तो पडला की त्याचा मुलगा.

वाचता येत नव्हतं, म्हणून गोष्ट आम्हीच रचली.
थोरल्या सरकारांना विष कुणी घातलं. धाकटे सरकार फितूर का झाले. कुणाची सोयरीक कुठल्या किल्ल्यावर जुळली.
शाळेच्या वाटेवर, जेवताना, लाइट गेली की अंगणात, दुसरा विषयच नव्हता.

शेवटच्या लेव्हलला जो वारस यायचा त्याच्या तोंडावर लोखंडी टोप. चेहरा दिसायचाच नाही.

"ही पोरगी हाये," मी म्हटलं.
"तुले कसं समजलं?"
"बाप मेला, दोघं भाऊ मेले. घरात आता कोन उरलं?"

त्याने रिमोट माझ्या हातात दिला.
"मंग हिले तूच खेळ."

मी तिचं नाव ठेवलं ताईसरकार.
त्या घरात माझं म्हणणं इतक्या सहज दुसऱ्या कुणी मानलं नव्हतं.

पुढे तो धुळ्याला कॉलेजला गेला. गॅदरिंगला त्याची एकांकिका होती. मी तिथेच मावशीकडे आले होते, म्हणून बघायला गेले.

पडदा उघडला आणि समोर आमचं गरुडघराणं.
विष, फितुरी, सोयरीक, सगळं. माझी वाक्यं जशीच्या तशी.

शेवटी वारसाने टोप काढला.
आत मुलगा होता.

बक्षीस मिळालं. लेखक म्हणून नाव एकट्याचं.

मी स्टेजच्या मागे जाऊन विचारलं, "भाऊ, ताईसरकार कुठंय?"
"अगं, वंश पोराकडूनच चालतो ना. लोकांना ते पटतं."
"पण आपण दोघांनी..."

त्याने मित्रांकडे बघितलं आणि हसला. "माझी बहीण. लहानपणी गेम खेळायची माझ्यासोबत."

मित्रही हसले. मी मावशीच्या घरी चालत आले.

लग्न होऊन मी साक्रीला गेले. तो यायचा, जेवायचा, माझ्या पोरांचे लाड करायचा. वाईट माणूस नव्हता. त्या दिवसाबद्दल मात्र एक अक्षर बोलला नाही. मी वाट बघत राहिले, तो बोलेल म्हणून.

काल रात्री यावलला त्याची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. रडून रडून थकलेली.
म्हणाली, "आत्या, पप्पा मला गरुडघराण्याची गोष्ट सांगायचे. शेवटी एकटा राजपुत्र उरतो ती."

"राजपुत्र नव्हता," मी म्हटलं. "मुलगी होती."

मग तिला सगळी गोष्ट सांगितली. आम्ही रचली होती तशी.

तिने हळूच विचारलं, "पप्पांना माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं.
"हो बेटा. माहीत होतं."

विलासभाऊ, तू एकदा तरी बोलायला हवं होतंस.
आता नीट जा. तुझ्या बहिणीचा तुला शेवटचा नमस्कार.